नेलपॉलिशची लाल रेघ

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि पाठोपाठ राग येतो. हसू आमच्या मुंशीच्या अकलेचे, राग माझ्या स्वतःच्या घाईचा.

तेव्हा मी झाशीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या झाशीचेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. शहरात ब्रॉडबँड नुकते आले होते. प्रेम नगरमधल्या एका संगणक केंद्रात इंटरनेटचा राउटर लोखंडी रॅकमध्ये, म्हणजे छोट्या कपाटासारख्या चौकटीत, बसवला होता. उद्घाटनाच्या दिवशी तिथल्या शिक्षिकेने रॅकला हात लावला आणि जबर झटका बसून ती कोसळली. ती रुग्णालयात बेशुद्ध पडली होती आणि केंद्राचा मालक ठाण्यात तक्रार घेऊन हजर. म्हणाला, “लगाने वाले कारीगर ने अर्थिंग की ही नहीं, जी.”

अर्थिंग म्हणजे काय, हे तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हते. यंत्राच्या लोखंडी अंगापासून एक हिरवी तार जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत नेतात. कुठे वीज गळलीच तर ती तारेतून जमिनीत जाते आणि खटका पडून पुरवठा बंद होतो. तार नसेल तर हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून जाते. बस, एवढेच. पण या एवढ्यावर माणसाचा जीव असतो.

कारागीर पंचवीस-सव्वीस वर्षांचा, रेल्वेतल्या निवृत्त सिग्नल फिटरचा मुलगा. त्याला आणले, चौकशी झाली, मुंशीने, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाने, जबाब लिहिला. त्याची पिशवी जप्त केली तेव्हा पाना, पक्कड, मीटर यांच्यासोबत निघाली लाल नेलपॉलिशची बाटली. मग काय विचारता! “किसके लिए है, भैया?” म्हणून शिपायांनी त्याला भंडावून सोडले. तो बिचारा मान खाली घालून बसला. मीही हसलो आणि समोर आलेल्या जबाबावर डोळे मिटून सही ठोकली. सकाळी त्याला कोर्टापुढे उभे करायचे होते.

सकाळी त्याचे वडील व्हरांड्यात येऊन बसले. मी मराठी बोलतो हे कळताच त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलाची रेल्वेत निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता!

“साहेब, तो म्हणतो ना अर्थ लावला होता, तर लावलाच असेल,” म्हातारबुवा म्हणाले. “मीच शिकवलंय त्याला. गुन्हा त्याच्या नावावर लागला तर नोकरी गेलीच म्हणायची.”

“काका, त्यानं जबाबात कबूल केलंय,” मी म्हणालो.

“काय कबूल केलंय? वाचून दाखवा की.”

मी जबाब काढला. मुंशीच्या सुबक अक्षरात लिहिले होते: ‘अभियुक्त ने स्वीकार किया कि उसने अपना अर्थ लगाया, उसके बाद मशीन चालू की.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोर्टात हे वाचणारा काय समजणार? की पोराने नियम धाब्यावर बसवले, सूचनांचा स्वतःला हवा तसा अर्थ लावला आणि यंत्र चालू केले. आणि पोरगा बिचारा सांगत होता की आधी अर्थची तार जोडली, मगच वीज सोडली! मुंशीला बोलावले. तो निरागसपणे म्हणाला, “साहब, लड़के ने यही कहा था, अर्थ लगाया. ‘अपना’ मैंने जोड़ दिया, वाक्य अच्छा लगे इसलिए.”

वाक्य अच्छा लगे! त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण खरा गाढव मी होतो. सही माझी होती.

तेवढ्यात फोन आला. केंद्रात झाडलोट करणारी बाई बोलत होती, आवाज दबका. “साब, बा अलमारी पैलें पीछें के कमरा में हती. उद्घाटन के दिन सरकाई.” आणि फोन ठेवला. म्हणजे रॅक आधी मागच्या खोलीत होता, उद्घाटनाच्या दिवशी सरकवला?

मी कारागिराला कोठडीतून बाहेर काढले. “रॅक कुठं बसवला होतास?”

“मागच्या खोलीत, साहेब. अर्थची पट्टी तिकडच्याच अंगणात आहे ना.”

“आणि ही नेलपॉलिश?”

तो लाजला. “बाबांची सवय, साहेब. सिग्नलच्या कामात नट आवळला की त्यावरून रंगाची रेघ ओढतात. नट कुणी हलवला तर रेघ तुटते. डबा कोण बाळगणार, म्हणून आईची बाटली घेतली.”

मी खुर्चीवरून उठलोच. पंच घेतले, त्याला घेतले आणि थेट प्रेम नगर गाठले.

रॅक पुढच्या दालनात, ऐन दारासमोर होता. मालकाला विचारले, “हा पहिल्यापासून इथेच आहे?”

“पहले दिन से, जी.”

मी गुडघ्यांवर बसून तळाचा बोल्ट पाहिला. बोल्टभोवतीचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलेले होते, तार घट्ट बसावी म्हणून. नटावर लाल ठिपका होता, रॅकच्या पत्र्यावरही होता, पण दोन्ही एका रेषेत नव्हते आणि मधला तुकडा गायब. मागच्या खोलीत गेलो. फरशीवर चार पायांचे ठसे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागे कोंबलेली हिरवी तार. तिच्या टोकाच्या तांब्याच्या कडीवर रेघेचा मधला तुकडा होता, लालभडक! वीज बंद करून रॅक त्या ठशांवर परत आणला, कडी बोल्टवर ठेवली, नट फिरवला, आणि तिन्ही तुकडे जुळून एक सरळ रेघ झाली. आनंदाने मी पंचांसमोरच टाळी वाजवली.

मालकाने आधी हात जोडले. मग रडकुंडीला येऊन म्हणाला, “बत्तियाँ टिमटिमाती हैं न, जी. लोगों को दिखाना था. तार छोटी पड़ रही थी.” रॅक ओढताना विजेची तार पत्र्याखाली चेमटून सोलली गेली होती. दिव्यांची शोभा दाखवायची म्हणून एका बाईचा जीव जाता जाता राहिला. शिक्षिका तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. कारागिराला सोडले, गुन्हा मालकावर दाखल झाला. आणि त्या पडताळणी अर्जावर मी सही केली, या वेळी प्रत्येक ओळ वाचून.

त्या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. जबाब लिहून झाला की देणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. आणि ज्या वस्तूवर सगळे ठाणे हसते, तिच्याबद्दल आधी विचारायचे.

रुजू होण्याआधी तो मुलगा पेढे घेऊन ठाण्यात आला. मुंशीच्या टेबलाशेजारी आमचा नवा राउटर होता. त्याने वाकून मागे पाहिले आणि चेहरा गंभीर केला.

“साहेब, रागावू नका. पण तुमच्या ठाण्यात अर्थच नाही.”

मी इतका हसलो की व्हरांड्यातले शिपाई धावत आले. मुंशीला काहीच कळले नाही. त्याने सवयीने लेखणी उचलली. “खबरदार लिहिलंस तर!” मी ओरडलो. मुलाने तासाभरात तार टाकली, नट आवळला आणि खिशातून ती बाटली काढली. या वेळी एकही शिपाई हसला नाही.