इज्जतीची बिमारी

घरमालक काकांनी माझा हीटर वायरला धरून वर आणला. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात, तसा.

वर संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं. दिवाणखान्यात वीस-पंचवीस बायका, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, बिनबाह्यांचे ब्लाउज. बाहेर बर्फ आणि आत बिनबाह्यांचे ब्लाउज! इतकी ऊब होती वर. मी काकूंच्या हाताखाली तबक धरून उभी होते. मधेच अर्ध्या घरातले दिवे गेले. काका टॉर्च घेऊन ब्रेकर बघायला खाली बेसमेंटमध्ये गेले. बेसमेंट म्हणजे माझी खोली. दिवे आले, आणि मागोमाग काका आले.

"हे बघा ब्रेकर ट्रिप व्हायचं कारण," काका सगळ्यांना म्हणाले. "मॅडमच्या पलंगाखाली चालू होतं. खोलीत कोणी नसताना. फायर हॅझर्ड!"

सगळ्या हसल्या. दुष्टपणे नाही हो. घरात मांजर शिरलं की हसतात तशा. एक म्हणाली, "अगं बाई, इतकी थंडी वाजते हिला?" आणि काकूंचं लक्ष माझ्या अंगाकडे गेलं.

"ते जॅकेट काढ आधी. लोकांना वाटेल आम्ही हिला हीट देत नाही."

मी तबक खाली ठेवलं. जॅकेट काढलं. घडी घालून सोफ्यामागे ठेवलं. कुणी हात धरला नव्हता माझा. स्वतःच्या हातांनी काढलं.

"नक्की होतं काय तुला?" काकांनी तिथेच विचारलं. काका रिटायर्ड डॉक्टर.

"संधिवात," मी म्हणाले.

"या वयात? व्यायाम नाही, दुसरं काय."

मग औषधांचा पाऊस. डिंकाचे लाडू खा. मेथ्या भिजवून खा. निर्गुंडीचं तेल लाव, माझ्या नणंदेला फरक पडला. मी मान हलवत होते. हो काकू, हो मावशी. कान तापलेले, पाय गार पडत चाललेले.

मला संधिवात नाही. कधीच नव्हता. मला सिकलसेल आहे.

थंडी लागली की माझ्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखतं. आणि दुखतं म्हणजे काय, ते सांगून कळत नाही. हाडाच्या आतून खिळे ठोकतात. जन्मापासून आहे. आई-बाबा दोघांच्या रक्तात अर्धं अर्धं होतं, माझ्या वाट्याला पूर्ण आलं.

मी चंद्रपूरकडची. आमच्याकडे या आजाराला जात आहे. डॉक्टर लोक म्हणतील असं नसतं, रक्ताला काय कळतं. पण आमच्याकडे सिकल म्हटलं की समोरचा मान हलवतो. अच्छा, म्हणजे त्यांच्यातले. शाळेत तपासणीची गाडी आली होती. सगळ्यांची बोटं टोचली. नंतर प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी नावं वाचली. ज्यांची वाचली त्यांनी पुढे यायचं. आम्ही पुढे गेलो. बघते तर आमची सगळी बौद्ध वस्तीच पुढे, आणि दोन-चार गोंडांची पोरं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशी बस्कर उचललं आणि पलीकडे जाऊन बसली. का, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "सांगू नोको कोनाले. संधिवात म्हन. म्हताऱ्याची बिमारी हाये, पन इज्जतीची हाये."

तेव्हापासून मला संधिवात. कॉलेजात संधिवात, पुण्याच्या होस्टेलवर संधिवात, अमेरिकेत एमएस करताना संधिवात. शिकले, टेस्टिंगची नोकरी लागली, तीही काँट्रॅक्टवर, इन्शुरन्स म्हणाल तर नावाला. आधी इथेच, एडिसनमध्ये, स्वतंत्र अपार्टमेंट घेतलं होतं. तिथे हीटचं बिल वेगळं यायचं. ते वाचवायला म्हणून मी थर्मोस्टॅट खाली ठेवला, दोन स्वेटर चढवले, झोपताना कानटोपी. वाचवलं हो बिल! दोनदा अॅडमिट झाले त्या हिवाळ्यात. हॉस्पिटलच्या बिलात होती नव्हती ती सगळी शिल्लक गेली. अशी मी शहाणी.

म्हणून काका-काकूंचं बेसमेंट घेतलं. मराठी घर, आणि भाड्यात हीट धरलेली. उबेचं बिल वेगळं येणार नाही, यासाठी घेतलं. राहायला गेल्यावर कळलं की खालच्या थर्मोस्टॅटवर प्लॅस्टिकची पेटी आहे आणि पेटीला कुलूप. आतला आकडा दिसायचा. बासष्ट. म्हणजे आपले सोळा-सतरा. निरोगी माणूस दोन रजया घेऊन काढेल हिवाळा. मी नाही काढू शकत. एकदा भीत भीत विचारलं, काका, थोडं वाढवता का? काका म्हणाले, "लेयर्स घाल. थंडी अर्धी डोक्यात असते."

खरं नाव सांगितलं असतं तर? डॉक्टर माणूस, एका वाक्यात समजला असता. तीच तर भानगड होती. काका नागपूरचे, तिथेच मेडिकल केलेलं. पहिल्याच महिन्यात चहा पिताना सांगत होते, "इंटर्नशिपला तुमच्या चंद्रपूरकडे होतो. सिकलच्या केसेस ढिगाने. पण ते सगळं त्यांच्यात. आपल्यात नाही."

त्या 'आपल्यात' मी बसलेली. माझं आडनाव दोन्हीकडे चालतं, त्यांनी त्यांना हवं ते धरलं. मी चहा प्यायले. वर म्हणाले, चहा छान झालाय काकू.

का म्हणाले? खरं सांगू? मला काकू आवडायच्या. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी खाली पाठवायच्या. मला ताप आला की जिन्यातून हाक मारून विचारायच्या. गणपतीला म्हणाल्या, "चल गं, मोदक वळायला ये," आणि मी त्यांच्या ओट्याशी उभी राहिले. आईपासून इतक्या लांब कुणी 'गं' म्हटलं की माणूस पाघळतो. ते 'गं' जाऊ नये म्हणून मी थंडी सोसत होते. लाज वाटते लिहायला.

हळदीकुंकवानंतर हीटर वरच राहिला, काकांच्या गराजमध्ये. त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. शाळा बंद, रस्ते बंद, ऑफिसचं काम घरून. माझ्या मांड्यांत दुखायला लागलं होतं. गोळ्या घेतल्या. पाणी प्यायले. गरम पाण्याची पिशवी तासाभरात गार. अॅम्ब्युलन्सला फोन करायला हात धजेना, मागचं बिल आठवायचं. बेसमेंटमध्येच वॉशर-ड्रायर होते. मी ड्रायर रिकामा चालू केला आणि त्याला पाठ टेकून फरशीवर बसले. भिंत गार, पण पाठीला ऊब. थांबला की परत लावायचा. ऑफिसची मीटिंगही तशीच केली. कॅमेरा बंद. मॅनेजरने विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, लाँड्री.

दुपारी काका खाली आले. मला बघायला नाही. पाइप गोठले का ते बघायला.

"ड्रायर रिकामा चालवतेस?" मग त्यांनी माझं तोंड बघितलं. जवळ आले. कितीही झालं तरी डॉक्टर. अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली. दुसऱ्या डोळ्याची ओढली.

"डोळे पिवळे आहेत."

"सिकल," काका म्हणाले. हळूच.

मग ते उठले. मला वाटलं औषध आणायला चालले. ते जिन्याचं दार लावून आले. वर काकू होत्या.

खालच्या पायरीवर बसले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, आपण संधिवातच म्हणू. काकूला कळायला नको. ती वाईट नाही, पण तिचं देवाधर्माचं असतं, आणि तू किचनमध्ये येत-जात असतेस. उगाच तिला वाईट वाटेल. मी सिक्स्टी सिक्स करून देतो. आपल्या दोघांत राहू दे."

किल्ली त्यांच्या खिशातच होती. पेटी उघडली, आकडा वाढवला, पेटीला परत कुलूप.

आणि मी काय म्हणाले? "थँक्यू काका."

छतातल्या जाळीतून गरम वारा सुटला. मी तशीच फरशीवर आडवी झाले, वारा तोंडावर घेतला. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून रडू येत होतं. चार डिग्री! या माणसाला आकडे माहीत होते. मला किती ऊब लागते, नाही मिळाली तर काय होतं, फुप्फुसात गेलं तर मी मरू शकते, हे सगळं त्याने पुस्तकात वाचलेलं होतं, वॉर्डात बघितलेलं होतं. आणि त्याला पहिली काळजी जिन्याच्या दाराची.

आईने ते खोटं नाव दिलं होतं मला वाचवायला. काका तेच नाव देत होते स्वतःचा ओटा वाचवायला. आणि मी दोघांचंही घेतलं, हात पसरून घेतलं. त्या फरशीवर मला पहिल्यांदा माझी किळस आली. आजाराची नाही. त्या थँक्यूची.

दुसऱ्या दिवशी दुखणं थोडं बसलं. कठड्याला धरून वर गेले. काकू ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. काका टेबलाशी.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "काकू, मला संधिवात नाही. सिकलसेल आहे. आम्ही बौद्ध आहोत. पूर्वीचे महार."

काका म्हणाले, "अगं, याची काय गरज होती?"

काकूंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डब्यांच्या फळीकडे बघितलं.

"म्हणजे संक्रांतीचे लाडू... तू वळलेस ना गं माझ्याबरोबर?"

"हो काकू. निम्मे मीच वळले."

"आमच्यात तसं काही नाही हं," काकू म्हणाल्या. "आम्ही मानत नाही. फक्त आधी सांगायचं होतंस."

आणि स्वच्छ असलेला ओटा त्या पुसायला लागल्या. मी बघत राहिले. रडू येईल वाटलं होतं. नाही आलं.

"काका, पेटीची किल्ली द्या."

"घर माझं आहे."

"घर तुमचंच. हीट मी दिलेल्या भाड्यातली. भाडेकरूला किती ऊब द्यायची याचा इथे कायदा आहे, आणि तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला कायद्याचीही गरज नव्हती. किल्ली द्या, नाहीतर मी आत्ता टाउनशिपच्या इन्स्पेक्टरला फोन करते. तो बेसमेंटही बघेल."

बेसमेंट भाड्याने द्यायची परवानगी काकांनी काढलेली नव्हती. ते मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यांना आत्ता कळलं.

"इतकं केलं तुझ्यासाठी," काका म्हणाले. किल्ली टेबलावर ठेवली. हातात नाही दिली.

मी बहात्तर केलं. पाय गरम झाले. गुरुवारी खिचडी आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मग काकांचा मेसेज आला, मुलीची फॅमिली येणार आहे, बेसमेंट लागेल, दुसरी जागा बघ. हात जोडलेल्या इमोजीसकट. त्या खिचडीची मला आठवण येते, याचीच मला जास्त लाज वाटते. काय करू, येते.

आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, आता रागावेल.

"मंग," आई म्हणाली, "लावली का त्यानं गरमी?"

"लावली."

"मंग बरं केलं तू."

लाज गेली असं मी म्हणणार नाही. तीस वर्षांची लाज एका किल्लीने जात नाही. अजूनही तोंडात आधी संधिवातच येतो. पण आता मी तो गिळते आणि सिकल म्हणते. जागा मिळो न मिळो, आधी आजार सांगायचा, मग ऊब विचारायची, मग भाडं. लपून मिळालेल्या उबेत मला यापुढे एक रात्रही झोपायचं नाही.

काल एका बाईंना फोन केला. वरचा मजला, स्वतंत्र दार. बाई खुशीत होत्या. "मराठी मिळाली, बरं झालं. कुठले गं तुम्ही?"

"चंद्रपूरची. बौद्ध आहे. मला सिकलसेल आहे. हिवाळ्यात घर बहात्तरला लागतं, आणि थर्मोस्टॅटला कुलूप चालणार नाही. जमेल?"

पलीकडे बाईंनी मराठी सिरीयलचा आवाज कमी केला. मग बाई म्हणाल्या, "मिस्टरांना विचारून कळवते हं तुम्हाला."

"आत्ताच विचारा," मी म्हटलं. "मी लाइनवर आहे."