चेंडूवालीची सुट्टी

तिला सगळे चेंडूवाली म्हणत. एका हॉलच्या रंगमंचावर पाच चेंडू हवेत खेळवायचे आणि तोंडाचा पट्टाही चालू ठेवायचा, यावर तिने वर्षानुवर्षं घर चालवलं होतं. मग उजवं मनगट दुखावलं. चेंडूला हातही लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी बसून ती येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरायला लागली, तेव्हा थोरल्या बहिणीने तिला एका हॉटेलातला दुपारचा कॅबरे बघायला ओढून नेलं.

"आज तू प्रेक्षक. गप बसून मजा घे," ताई म्हणाली.

मजा कसली! गाणारी बाई टेबलांमधून फिरत होती, गळाही गोड होता. पण दिव्याचा झोत कायम अर्धं पाऊल मागे. वेटर ऐन विनोदाच्या वेळी खडाखडा प्लेटा उचलत होता. चेंडूवालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अरे, थांब की! लोकांना हसू तरी दे!" ती ओरडलीच. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

"तुझ्याबरोबर कार्यक्रम बघणं म्हणजे आचाऱ्याला जेवायला बोलावणं," ताई करवादली आणि मध्यंतरातच तिला घेऊन बाहेर पडली.

कोपऱ्यावर गर्दी होती. एक माणूस खुर्चीवर खुर्ची रचून वर उभा होता, खाली त्याच्या खेळातल्या गोल कड्या ठेवल्या होत्या. तो खरंच चांगला होता आणि तेच तिला सोसवेना. वाईट असता, तर नावं तरी ठेवता आली असती.

"त्या रागावलेल्या बाई!" त्याने वरून बोट दाखवलं. "खालच्या कड्या फेका बघू माझ्याकडे."

पहिल्या दोन कड्या तिने डाव्या हाताने फेकल्या. अलगद त्याच्या हातात.

"आमच्यातल्याच दिसता," तो वरून वाकून हळूच म्हणाला.

झालं, बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. तिसरी कडी तिने उजव्या हातात घेतली. मनगटातून कळ गेली आणि कडी तिच्याच पायाशी आपटली.

"चुकलं नाही हं! बाईंनी जमिनीचाच नेम धरला होता!" तो म्हणाला. सगळे खदाखदा हसले. त्याच्या जागी तीही हेच म्हणाली असती. तरी रागाने तिचे डोळे भरून आले.

"एवढं काय मनाला लावून घेतेस?" वाटेत ताईने विचारलं.

"सोमवारपासून कामावर येते, असं हॉलच्या मालकांना कळवून बसलेय मी."

"डॉक्टरांना विचारून?"

"कुणालाच न विचारता."

ताईने तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं. चेंडूवालीने तिथेच फुटपाथवर उभं राहून मालकांना फोन लावला. जमणार नाही म्हणाली.

"काही हरकत नाही," मालक म्हणाले. "एक जादूगार आलाय. तो चाललाय बरा."

निदान एकदा तरी 'अरेरे' म्हणायचं होतं त्यांनी. तिने फोन पर्समध्ये कोंबला.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"हरकत नाही म्हणाले," असं म्हणून ती तरातरा पुढे चालायला लागली.

मनगट बरं व्हायला पुढे बरेच महिने लागले. जुन्या हॉलमधून तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. ती दुसरीकडे लागली. तिथल्या रंगमंचावरचं छत इतकं खाली, की चेंडू त्याला लागायचे.