उरलेले दोन काप

सर्जनचा फोन आला की आमचे सर मोबाईल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचे आणि मायक्रोस्कोपला डोळे लावायचे. पलीकडचा आवाज थकला की म्हणायचे, “अजून ओळख पटली नाही हो.”

सर नाशिकच्या आमच्या लॅबचे पॅथॉलॉजिस्ट. गाठीचा तुकडा बघून आजाराचं नाव सांगायचं, हे त्यांचं काम. असा डॉक्टर तुम्ही बहुधा पाहिलाच नसेल. आपल्यासाठी डॉक्टर म्हणजे नाडी बघणारा. पत्नी गेल्यापासून सर देवळाली कॅम्पात एकटेच राहत. डबासुद्धा स्लाइड बघता बघता खायचे. मी रागावले की म्हणायचे, “इथे समोर कोणीतरी असतं तरी.” तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही.

एकदा विंचूरच्या कांदा निवडणाऱ्या एका बाईंच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आला. दुसऱ्या लॅबच्या आधीच्या रिपोर्टात होतं, कॅन्सर दुसरीकडून पसरलाय, मूळ शोधा. सरांना मात्र लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींतच सुरू होणाऱ्या कॅन्सरचा, संशय होता. तो ठरला तर बाई औषधाने बऱ्या होण्याची आशा होती. पण ज्या रसायनांनी लिम्फोमाच्या पेशी तपकिरी होतात, ती नेहमीची सगळी लावून झाली, तरी पेशी निळ्याच.

त्यात मी, लॅबची टेक्निशियन, घोडचूक केली. मेणाच्या ठोकळ्यातला तो तुकडा काप काढायच्या मशीनवर पुन्हा लावताना नीट जुळवला नाही आणि सवयीने वरचा थर छिलून टाकला. सुईने काढलेला सुताएवढा तुकडा तो! जेमतेम दोन काप निघाले. पुन्हा सुई सोसण्याइतकी बाईंची तब्येत नव्हती. मी रडतच सरांना सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. “दोन आहेत ना? मग दोनच प्रश्न विचारू,” एवढंच म्हणाले. दिवसभर जुन्या स्लाइड बघत बसले. सल्ला विचारावा असं जवळ कोणी नव्हतं. संध्याकाळी त्यांनी सहसा न लागणाऱ्या दोन तपासण्या चिठ्ठीवर लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काप तपकिरी झाले. लिम्फोमाच होता, नेहमीच्या खुणा टाकून आलेला. सरांनी सही केली आणि डबा उघडला.

गेल्या महिन्यात सर गेले. पोहोचवायला आम्ही लॅबचे चौघे आणि एक शेजारी. त्याच आठवड्यात त्या बाई रक्त तपासायला आल्या; फॉर्मवरच्या नावावरून मी ओळखलं. औषधांनी गेलेले केस डोक्यावर पुन्हा दाट आले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, “तुमचा आजार आमच्या सरांनी ओळखला. ते परवा वारले.”

“असं कोणी व्हतं, मला तर ठावंच नाय,” बाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, पण कुठे बघावं ते त्यांना कळेना. “त्यांचा फोटो तरी दावा.”

मी मोबाईल काढला. सरांनी पाठवलेले स्लाइडचे शेकडो फोटो होते. सरांचा एकही नव्हता.