मीकातची घोषणा

आमच्या मेहरूणच्या गल्लीत कॅप्टन एकच, आकिब. त्याचे वडील हारुनचाचा ट्रॅव्हल्सच्या गाड्यांच्या सीटा शिवायचे. पोराला पायलट करायचं म्हणून त्यांनी दुकानाचा गाळा विकला, धुळ्याकडच्या धावपट्टीवर त्याला शिकायला घातलं आणि तो कॅप्टन व्हायच्या आधीच ते गेले. मी राकेश, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीत कंडक्टर. त्याच्या नोकरीतलं मला जे कळतं ते त्यानेच सांगितलेलं. राग आहे तो मात्र माझा स्वतःचा.

दोनेक वर्षांपूर्वी पायलटांच्या संघटनेत एक वाद पेटला. एका देशाच्या कंपन्यांनी दुसऱ्या देशातून आठवड्याला किती सीटा भरायच्या, हे दोन सरकारं करार करून ठरवतात. आखाती कंपन्यांना आणखी सीटा हव्या होत्या. त्यांचं तिकीट स्वस्त, आपल्या कंपन्या त्यांच्यापुढे टिकेनात. मग आपल्या काही कंपन्यांनी वेगळीच वाट काढली. परदेशातून विमान भाड्याने आणायचं, तेही तिथल्या पायलटांसकट. आमच्या डेपोत अशाच भाड्याच्या गाड्या लागतात, म्हणून मला हे लगेच कळलं. बोर्ड आपला, गाडी दुसऱ्याची आणि ड्रायव्हरही दुसऱ्याचा.

मुंबईच्या बैठकीत मूळ अमळनेरचे कॅप्टन भूषण जादा सीटा आणि भाड्याची विमानं या दोन्हींच्या विरोधात ठराव घेऊन उभे राहिले. आकिब आपल्याकडचा, तो साथ देणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. या गड्याने उलटं भाषण ठोकलं. आमच्या मोहल्ल्यातली माणसं आत्ता कुठे विमानात बसायला लागली आहेत, म्हणाला. परदेशी कंपनी स्वस्तात नेत असेल तर नेऊ द्या, आपल्या नोकऱ्यांसाठी गरिबाची वाट का अडवायची? तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. भूषणभाऊंनी माईक बाजूला ठेवून त्याला आपल्या बोलीत एवढंच विचारलं, "बठ्ठं तेस्नंच शे, मंग आपलं काय शे?" म्हणजे सगळं त्यांचंच, मग आपलं काय? आकिब हसला. ठराव पडला आणि भाड्याच्या विमानांना असलेला संघटनेचा विरोधही तिथेच संपला.

हे सगळं त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. चारचौघांत मोठं मन दाखवणाऱ्या माणसांची मला हल्ली चीडच येते. त्याची भरपाई घरातल्या कुणालातरी करावी लागते. इथे ती आकिबच्या आईने, शहजादीखालाने केली.

खालाला उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, जायचं होतं, पण मुलाच्याच विमानातून. गल्लीतल्या बायका आखाती कंपनीच्या विमानाने मक्केला जाऊन आल्या, काही तर दोनदा. ही थांबून राहिली. मक्केच्या वाटेवर एक हद्द असते, तिला मीकात म्हणतात. ती ओलांडायच्या आधी उमऱ्याची नियत, म्हणजे संकल्प, करावी लागते. विमान त्या हद्दीवरून आकाशातूनच जातं, म्हणून कॅप्टन थोडं आधी घोषणा करतो. बरेच जण धोका नको म्हणून मुंबईलाच नियत करून घेतात. खालाने मात्र ठरवून टाकलं होतं की आकिबचा आवाज ऐकूनच नियत करायची. माझ्या पोराने सांगायचं आणि मी अल्लाहच्या दारात पाऊल टाकायचं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

यंदा जमून आलं. आकिबने मक्केजवळच्या जेद्दाहची फेरी मागून घेतली, एका टूरमधल्या बायकांसोबत खालाचं तिकीट त्याच विमानाचं काढलं. गल्लीने हार घालून तिला मुंबईच्या बसमध्ये बसवलं. विमानात फोन बंद ठेवायचा असतो, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिने तो बसमध्ये चढतानाच बंद केला.

आकिब ड्युटीवर हजर झाला आणि तिथे त्याला समजलं की जेद्दाहच्या फेरीला ऐनवेळी भाड्याचं विमान लावलंय. पायलट त्या विमानाबरोबरचे. त्याला इंदूरच्या फेरीवर टाकलं होतं. तो आईला फोन लावत राहिला. टूरवाल्यालाही लावला, तो उचलेना. शेवटी इंदूरच्या विमानाचे दरवाजे लागले आणि त्यालाही आपला फोन बंद करावा लागला.

जेद्दाहच्या विमानात वर सगळं नियमाप्रमाणे झालं. परदेशी कॅप्टनने मीकातची घोषणा केली, त्याच्या इंग्रजीत. सोबतच्या बायकांनी मुंबईलाच नियत केलेली, त्या गाढ झोपलेल्या. खाला तेवढी जागी होती. जेद्दाहला उतरल्यावर चूक ध्यानात आली. तिथल्या मौलवींनी सांगितलं की परत हद्दीपर्यंत जाऊन या, नाहीतर दम द्या, म्हणजे बकऱ्याची कुर्बानी. तिच्या गुडघ्यांना तो परतीचा प्रवास झेपणारा नव्हता. तिने दम दिला आणि उमरा केला.

ती परतल्यावर मी भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत आकिब पाहुण्यांना मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी देत होता. खालाने मला आत बोलावून घेतलं.

"एक माणूस मधेच काहीतरी बोलला, राकेश," ती म्हणाली. "आवाज आकिबचा नव्हता. मला वाटलं, असेल कुणी दुसरा, माझा पोरगा अजून सांगायचाय. मी आपली वाट बघत बसले, बाबा. मग चाकं टेकली."

माझ्या तोंडावर आलं होतं की खाला, हे भाड्याचं दुखणं तुमच्याच पोराने टाळ्या घेऊन ओढवून घेतलंय. तिने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, त्याने मला सगळं सांगितलंय, बैठकीतलंसुद्धा. तू गल्लीत कुठे बोलू नकोस.

आम्ही बाहेर आलो. शेजारच्या मिसबाहने खजूर खाता खाता विचारलं, "खाला, मीकातला आकिबभाईचाच आवाज आला ना?"

खालाच्या हातातली तस्बीची जपमाळ थांबली. उमरा करून आलेली ती बाई, आयुष्यात कुणाशी खोटं बोललेली मला माहीत नाही.

"त्याचाच आला," खाला म्हणाली. "फार छान सांगितलं त्याने."

माणसं उठून आकिबचे हात हातात घेऊ लागली, नशीबवान आहेस म्हणाली. त्याने एकदाही मान वर केली नाही, आणि कुणाला नाहीही म्हटलं नाही.