ढेकळाची कड

मातीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ढेकूळताई म्हणत, पण तोंडावर म्हणायची हिंमत फक्त मोठ्या साहेबांत होती. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. ओलं ढेकूळ लोखंडी डब्यातल्या सच्छिद्र थाळीवर ठेवायचं, हवेचा दाब चढवायचा आणि मातीनं किती पाणी सोडलं, किती धरून ठेवलं ते वजन करून वहीत लिहायचं. मोठी भोकं थोड्या दाबालाच रिकामी होतात, बारीक भोकं पाणी सोडता सोडत नाहीत. एका ढेकळाला तीन आठवडे लागत, आणि मध्येच "झालं का?" विचारणाऱ्याला ती अशी बघायची की तो पुन्हा त्या खोलीकडे फिरकत नसे.

आता तिच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. तिच्याबरोबर डबाही भंगारात जाणार होता. त्याच्या जागी आलेल्या तरुण इंजिनीअरनं तिच्या डोक्याला नुसता ताप दिला होता. तो तिच्या डब्यातून निघालेल्या ढेकळाचा उभा काप काढी, भिंगाखाली फोटो घेई, भोकं मोजी आणि माती किती पाणी धरेल याचा अंदाज दुपारच्या चहाच्या आत सांगून मोकळा होई. अंदाज खरा की खोटा ते ठरायचं तिच्या वह्यांवरून, आणि तो एकदाही जुळत नव्हता. त्याच्या गणितात माती पाणी लवकर सोडायची, तिच्या वहीत हट्टानं धरून बसायची.

"ताई, फॉर्म्युल्यात आणखी एक दुरुस्ती केलीय," तो नवव्यांदा म्हणाला.

"माती तीच आहे ना रे? मग तिला दर सोमवारी नवा फॉर्म्युला कशाला लागतो?"

घरी नवरा म्हणाला, "अगं, जुळवून घे थोडं."

"आकडे काय सासरची माणसं आहेत, जुळवून घ्यायला?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या टेबलावरचा फोटो उचलला आणि तिचं पित्तच खवळलं. "हे माझं ढेकूळ नाही. याची कड कुठाय?"

"कडा मी कापून टाकतो, ताई. तिथे फॉर्म्युला बिघडतो."

"बिघडतो म्हणून कापतोस? शाबास! अख्खा फोटो लाव. आत्ताच्या आत्ता."

त्यानं लावला. पडद्यावर वरपासून भोकंच भोकं दिसत होती. पण अगदी तळाशी नखाएवढ्या जाडीची एक पट्टी होती, गुळगुळीत, बंद. तिच्यात एकही भोक नव्हतं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. थाळीला नीट टेकावं म्हणून ढेकळाचं बूड ओल्या सुरीनं सारखं करायचं, हे तिला तिच्या सरांनी शिकवलं होतं. पुढे तिनं ते अकरा जणांना शिकवलं, खडबडीत बुडावरून पोरींना रडवलंही. तीच सुरी ओली माती लिंपून भोकांची तोंडं बुजवत होती. पाणी आत अडकून पडे, तीन आठवडे त्याला पुरत नसत, आणि ही बाई लिहून मोकळी होई, मातीनं धरलं म्हणून.

तिनं सुरी बाजूला ठेवली. एक ढेकूळ हातानं मोडलं, खडबडीत बुडाखाली बारीक रेतीचा ओला थर दिला आणि डबा बंद केला. पहिल्या थोड्या दाबाला पाच दिवसांत निघणारं पाणी सकाळपर्यंत डब्याखालच्या नळीत उतरलं होतं.

"म्हणजे माझा फॉर्म्युला बरोबर होता!" इंजिनीअर ओरडला. मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. हळू आवाजात तो म्हणाला, "ताई, राहू द्या. चारच महिने राहिलेत. फॉर्म्युला मी वह्यांशी जुळवून घेतो. कोणाला कळणार आहे?"

"खबरदार! त्या आकड्यांवर उद्या कोणी बांध घालेल, आणि त्याच्याखाली माणसं राहतील!" बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि त्याचाही तिला मनस्वी राग आला.

मोठ्या साहेबांना तिनं त्याच दुपारी सगळं सांगितलं. मग खोलीत येऊन हिशेब मांडला. आठवडे सतरा, बारीक भोकांसाठी तीन आठवडे तरीही लागणारच, डब्यात एका वेळी दोनच ढेकळं. बावीस वर्षांत सातशेहून जास्त झाली होती. त्यांच्या जागी आता फार तर दहा होणार होती.

तिनं पदर खोचला आणि त्यातली पहिली दोन हातानं मोडायला घेतली.