श्रीखंडाचा इसेन्स व्हेपमध्ये

मंडळी, आज खरंच थकले. इथे मॉन्ट्रियलमध्ये फ्लेवरवाल्या व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बंदी आहे, फक्त तंबाखूच्या चवीचा मिळतो. माझी रूममेट सायली त्या चवीला विटली होती. आज सकाळी तिने त्यात चक्क माझ्या आईने श्रीखंडासाठी पाठवलेला वेलची इसेन्स घातला.

दोन झुरक्यांत खोकून खोकून तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मी तिची पाठ चोळत बसले, माझी शिफ्ट बुडाली.

"आता तरी सोड गं बाई," मी म्हटलं.

"सोडणारच आहे. पण शनिवारी ओटावाला चाललेय, त्या प्रांतात बंदी नाही, मँगो मिळतो. तुला आणू?"

एवढं बघूनही माझ्या तोंडून निघालं, "दोन आण."

बंदीमुळे तुमच्यापैकी कुणाचं खरंच सुटलंय का? कसं सुटलं, तेवढं सांगा. शनिवारच्या आत.