जजबाईनं काढलेला नवा सवाल

त्या दिवशी जिल्ह्याच्या कोरटात आमी इतके जन होतो. मी. माहा मालक. आमची वकीलबाई. माहा चुलतभाऊ, ज्यानं आमच्यावर केस टाकली होती तो. त्याचा वकील. मशीनवर लिहिनारा बाबू. अन् वरच्या खुर्चीत जजबाई, वयानं माह्या लेकीपेक्षा लहानच असन.

वाद वावराचा होता. एटापल्लीच्या अंगाले आमचं गाव, जंगलाले लागून. वावर माह्या बाचं. धानाच्या चार बांध्या अन् धुऱ्यावर, वावराच्या कडेच्या बांधावर, तीन मोहाची झाडं. बाले पोरगा नवता, मी एकटी. बा मेला तेवा चुलतभाऊ म्हने, आपल्या आदिवासी रिवाजात पोरीले वावर भेटत नाई, भावाच्या पोराले भेटते.

तालुक्याच्या कोरटात मी सांगतलं, बानं आमाले देल्लं. तेवाच्या वकिलानं लिहिलं, बक्षीस देल्लं. मंग कोरटाचा सवाल एकच, बक्षिसाचा कागद हाय का? कागद कुठचा. हारलो. वावर भावाच्या ताब्यात गेलं. दोन साल माहा मालक त्याच धुऱ्यावरून दुसऱ्याच्या धानाच्या रोवन्याले मजुरीनं गेला. मी मोहफूल येचाले लांब जंगलात जाओ, आपल्या झाडाखालून नाई. कोनाले काई बोललो नाई. पोट त भराच लागते.

मंग अपील केली. मले वाटे, वरचं कोरट म्हन्जे तेच सवाल मोठ्यानं इचारत असन.

जजबाई लय येळ कागद उलटून राह्यल्या होत्या. भावाचा वकील म्हने, "मॅडम, यात काही नाही. कागद नाही, विषय संपला."

"थांबा," जजबाई म्हने. "तुम्हीच या बाईंना विचारलं होतं ना, नवरा तुमच्या घरी रिकाम्या हातानं आला म्हणून?"

"हो मॅडम."

"त्यांनी उत्तर काय दिलं, ते वाचा."

वकिलानं वाचलं. मी बोलली होती, तो लमझना म्हनून आला, पाच साल राबला, मंग बानं साऱ्या गावासमोर त्याच्या हाती नागर देल्ला.

आमच्यात पोरगा नसला त पोरीसाठी लमझना आनते. तो सासऱ्याच्या वावरात राबते, मंग लगन होते, सासरा त्याच्या हाती नागर देते, अन् तो त्याच घरचा होते. हे मी माह्या वकिलाले कधी सांगतलंच नवतं. साऱ्या गावाले मालूम असते ते कोन सांगत बसते?

जजबाईनं बाबूले सांगतलं, लिहा. रूढीप्रमाणे या माणसाला लमझना म्हणून घरात घेतलं होतं का, आणि त्यामुळे ही जमीन त्यांची झाली का. हा मुद्दा खालच्या कोर्टात निघालाच नाही. फाईल खाली जाईल. फक्त यावर साक्षी घेऊन निर्णय लिहून माझ्याकडे परत पाठवा. अपील इथंच राहील.

ते बाई माह्या गावात कधी आली नाई. माहा बा तिनं पायला नाई. एवढ्या मोठ्या गठ्ठ्यातली माही एक ओळ तिनं वाचली, अन् आमी साऱ्यायनं मिळून जे इचारलं नाई ते तिनं इचारलं. मी उभी होती, खाली बसाचं भुलली.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईले म्हटलं, "बाई, असा नवा सवाल काढता येते वरच्याले?"

"येतो आजी. निकालासाठी गरजेचा प्रश्न खाली राहून गेला असेल तर काढता येतो. पण मी तुम्हाला विचारते, तुम्ही एवढी वर्षं हे का नाही सांगितलं?"

माहा मालक म्हने, "मी पन्नास साल तिच्यासमोर बसून जेवून राह्यलो बाई. मले पाहूनबी नाई आठवलं तिले."

तालुक्यात मंग साक्षी झाल्या. गावचा पुजारी, आमी गायता म्हनतो, त्यानं लमझन्याचा रिवाज सांगतला. मंग माहा भाऊ उभा राह्यला. आमच्या वकीलबाईनं इचारलं, "यांच्या हाती नांगर दिला तेव्हा तुम्ही तिथं होता का?"

त्यानं आपल्या वकिलाकडं पायलं. मंग माह्या मालकाकडं पायलं.

"होतो. बैल माह्याच घरचे होते. मीच जुपून देल्ले."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"कोनं इचारलंच नाई."

त्याचा वकील कपाळाले हात लावून बसला. माह्या मनात तेवा राग नाई आला. मले जजबाई आठवली. ते तिथी नवती, पन तिचा सवाल होता, अन् त्या सवालासमोर माह्या भावाले खोटं बोलता आलं नाई.

फाईल वर गेली. जजबाईनं निकाल देल्ला, वावर आमचं. औंदाचा रोवना आमीच केला. भाऊ धुऱ्यावरून जाते, बोलत नाई. मोह पडला तेवा एका झाडाखालचं मी येचलं नाई, त्याच्यासाठी ठेवलं. सकाळी कोनीतरी येचून नेलं होतं.

वाचनाऱ्या बाई, भाऊ, एक करा. तुमच्या घरी वावराचा वाद असन त कोरटात जायच्या आगुदर घरच्या म्हाताऱ्या मानसाले जवळ बसवा, वावर कसं आलं ते इचारा, अन् तो सांगन ते सारं वकिलाले सांगा.